पहिल्या पानावरची कोरी चौकट

आमच्या संपादकांनी एकदा पहिल्या पानावर रबडीबद्दल माफी मागितली होती. बेव्हर्ली पार्कातल्या एका नगरसेवकाच्या नातवाचं बारसं होतं. नगरसेवकाचा नातू म्हणून पहिलं पान. बातमी मी लिहिली होती आणि पाहुण्यांनी बासुंदीवर ताव मारला, असं ठोकून दिलं होतं. अंक बाहेर पडल्यावर बाळाच्या आजीचा फोन आला की बासुंदी कुठली, रबडी होती. दुसऱ्या कुठल्याही संपादकानं 'बरं बरं' करून फोन ठेवला असता. आमच्या सरांनी पुढच्या अंकात, जिथे बातमी होती तिथेच, तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच टायपात रबडीची दुरुस्ती छापली. त्यासाठी पाणीटंचाईच्या मोर्चाची बातमी शेवटच्या पानावर गेली. मोर्चावाले हंडे घेऊन ऑफिसवर चालून आले.

सरांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या बातमीत काही चूक होती?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

हंडे परत गेले.

मिरा रोडला सिल्व्हर पार्कात एका इमारतीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सवाला आणि फरसाणवाला यांच्या मधोमध आणीबाणीच्याही आधीपासून सर चालवत असलेल्या आमच्या साप्ताहिकाचा गाळा होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. गिरगाव, परळ, दादर सोडून आलेली मराठी कुटुंबं रोज एक टेम्पो भरून उतरत होती. इमारती इतक्या भराभर उठत होत्या की सकाळी दुधाची पिशवी आणायला गेलेला माणूस परतताना आपली बिल्डिंग ओळखू शकत नसे. हे वाक्य मी एकदा छापायला घेतलं होतं. सरांनी त्याच्यावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "कोण चुकला? नाव सांग. आपण त्याला भेटू."

मी तिथे उपसंपादक, वार्ताहर, टायपिस्ट आणि जाहिराती गोळा करणारा असा सगळा मिळून एकटाच होतो. सरांचं वय सत्तरीच्या आसपास. अंगानं एवढे वाळके की पंखा पाचवर केला की मी आधी त्यांच्या डोक्यावर पेपरवेट ठेवायचो. बरं, नाही ठेवायचो. पण ठेवावासा वाटायचा. सदऱ्याच्या खिशात निळी पेन्सिल, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की जगात नुकतीच कुठेतरी एक चूक झालीय आणि ती ह्यांच्याच हातून झालीय.

माझं आणि त्यांचं रोजचं बोलणं साधारण असं:

"सभेला किती माणसं होती?"

"पाचशे तरी असतील, सर."

"खुर्च्या किती मांडल्या होत्या?"

"खुर्च्या... शंभरेक."

"मग बाकीचे चारशे काय एकमेकांच्या मांडीवर बसले होते?"

मी म्हणायचो, सर, वाचणाऱ्याला जरा बरं वाटतं. ते म्हणायचे, "तुझ्या बातमीतली गर्दी एका ठिकाणी जमली तर भाईंदरची खाडी बुजेल." आणि माझे पाचशे खोडून शंभर करायचे. मी हळूच दीडशे करून छापखान्यात पाठवायचो. पुढच्या अंकात दुरुस्ती. आमच्या साप्ताहिकात बातम्या कमी आणि दुरुस्त्या जास्त, अशी ख्याती होती त्यात माझा वाटा मोठा होता. एकदा तर मी एका निवृत्त पोस्टमास्तरांना जिवंतपणी मारलं, फोटोसकट, 'दुःखद निधन' म्हणून. सरांनी पुढच्या अंकात तोच फोटो, तीच चौकट आणि वर 'हे हयात आहेत' असा मथळा दिला. पोस्टमास्तरांनी म्हणे पेन्शनच्या कचेरीत हयातीच्या दाखल्याऐवजी तोच अंक दिला आणि तो चालला. म्हणे म्हणजे, हे मीच सगळ्यांना सांगत असतो.

छापलेल्याची दुरुस्ती सगळेच करतात. आमचे सर बोललेल्याचीही करायचे. सोमवारी कुणाकडे जेवून आले की गुरुवारी त्यांची बेल वाजवणार. दार उघडलं की उंबऱ्याबाहेरूनच, "वहिनी, त्या दिवशी मी उसळ उत्तम झालीय म्हणालो. उत्तम नव्हती. चांगली होती." एवढं बोलून जिना उतरायला लागायचे. त्यांची बायको, आमच्या काकू, सांगायच्या, "अरे, लग्नात ह्यांनी उखाण्यात मला चांदणी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मला म्हणतात, काल जरा अतिशयोक्ती झाली, पण तू नाकीडोळी नीटस आहेस." काकू हे सांगताना हसून हसून डोळे पुसायच्या. सर बाजूला बसून खाली मान घालून म्हणायचे, "चहा नव्हता. दूध होतं."

त्यांचा नियम एकच होता आणि तो मला त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवला होता. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्ती यायला हवी. चूक पहिल्या पानावर तर दुरुस्ती पहिल्या पानावर, चूक चौकटीत तर दुरुस्ती तेवढ्याच चौकटीत. "लोक चूक ढोल वाजवून करतात आणि दुरुस्ती कानात सांगतात," असं ते म्हणायचे. आणि दुसरं एक वाक्य, मला तेव्हा नीट न कळलेलं: "छापलेलं पुसता येत नाही रे. त्याच्यावर छापावं लागतं."

असा माणूस दर मार्चला पहिल्या पानावर एक चौकट कोरी सोडायचा.

आणीबाणी उठून देशात निवडणूक झाली, लोकांनी रांगा लावून मतं टाकली आणि बसलेलं सरकार उठवलं, त्याचा तो मार्चमधला आठवडा. रक्ताचा थेंब न सांडता मतपेटीतून झालेली क्रांती, असं सर त्याला म्हणायचे, आणि ह्या एकाच गोष्टीबद्दल ते मोठे शब्द वापरायचे. त्या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर डाव्या हाताला, खालच्या बाजूला, दोन कॉलम रुंदीची आणि वीतभर उंचीची चौकट असायची. चारी बाजूंनी काळी रेघ. आत काही नाही. खाली ओळ नाही, वर मथळा नाही.

लोकांना ती फार आवडायची. आणीबाणीत सेन्सॉरनं बातम्या कापल्या की काही बाणेदार वर्तमानपत्रं ती जागा कोरीच ठेवायची, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. त्याची ही आठवण, असं सगळे धरून चालले होते. दरवर्षी फोन यायचे, "वा सर! एका शब्दाविना केवढं बोललात!" सर "हं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. शेजारच्या फरसाणवाल्या शेठचं मत वेगळं होतं. तो दरवर्षी अंक घेऊन यायचा आणि चौकटीवर तेलकट बोट ठेवायचा.

"भाई, ये डब्बा इस साल भी नहीं बिका? मेरे को दे दो ना. फाफडा-जलेबी का ऐड मारेगा. रेट बोलो."

सर चिडलेले मी फक्त त्या वेळी पाहिले. "वो बिकाऊ नहीं है, शेठ."

"अरे, खाली पडा है!"

"खाली नहीं है," सर म्हणायचे. शेठ माझ्याकडे बघून डोकं फिरल्याची खूण करायचा.

त्या आठवड्याचे आणखी एक नेमाचे गिऱ्हाईक होते. तारोडीचे जनूभाऊ. तिकडच्या जुन्या जमीनवाल्या घरातले. एके काळी त्यांची भातशेती होती आणि भाईंदरला मिठागरात हिस्सा होता. आता मुलगा टेम्पो चालवायचा. डोक्याला टोपी, पायात रबरी चपला, आणि चेहरा मिठागरावरच्या उन्हानं एवढा रापलेला की पावसाचं पाणीसुद्धा वाट काढून काढून उतरत असेल. अंक निघाला की त्याच दिवशी ते यायचे, एक प्रत विकत घ्यायचे, दारातच उभे राहून पहिलं पान बघायचे, घडी घालायचे आणि निघून जायचे. चहा विचारला तर हात हलवायचे. वर्षातून एकदाच. आणि नेमकी त्याच वेळी सरांना मागच्या मोरीत जायची घाई व्हायची. जनूभाऊ रस्त्याच्या टोकाला दिसले की इकडे मोरीची कडी लागलीच.

मी ह्या जनूभाऊंचा माझ्या पद्धतीनं भरपूर उपयोग केला. आमचे वाचक एवढे निष्ठावंत आहेत की तारोडीहून समुद्राकाठानं चालत येतात, असं मी जाहिरातदारांना सांगायचो. पुढे पुढे ते अनवाणी यायला लागले. एका बिल्डरला तर मी सांगितलं की वाटेत ओहोटीची वाट बघतात.

क्रांतीला तीस वर्षं झाली त्या मार्चात शहरातल्या एका मोठ्या दैनिकानं त्या दिवसासाठी अख्खी पुरवणी काढायचं ठरवलं. मिरा-भाईंदरमधून कोण, असं शोधत एक वार्ताहर मुलगी आमच्या गाळ्यावर आली. सर बँकेत गेले होते. गाळ्यात मी होतो, आणि समोर वही उघडून बसलेली, माझं सगळं खरं मानणारी मुलगी. असा योग माझ्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता.

मी सुरुवात साधीच केली. सरांनी त्या काळातही चौकट कोरी ठेवली होती, एवढंच म्हणालो. तिनं विचारलं, "मग पोलीस आले असतील?" आता ती एवढी विचारतेय तर मी नाही कसं म्हणणार? आले. किती? मी गाडी भरून आणले. मग छापखान्याचे खिळे जप्त होऊ नयेत म्हणून सरांनी ते मिठागरावरच्या ढिगाऱ्यात पुरले. शिशाचे सगळे खिळे, अक्षराअक्षरांचे. पुढे कित्येक महिने अंकातल्या शाईला खारट चव लागायची, असं जुने वाचक सांगतात, हेही मी सांगितलं. तिनं तेही लिहून घेतलं.

पुरवणी आली. अर्ध्या पानावर आमचे सर. जुना फोटो, त्यात केस काळे. मथळा: 'मिठात पुरलेली अक्षरं.' सकाळी आठपासून फोन सुरू झाले. बेव्हर्ली पार्कातल्या सोसायटीनं त्याच संध्याकाळी हॉलमध्ये सत्कार ठरवला. फरसाणवाला शेठ दोन किलो फाफडा घेऊन आला. "भाई, आप तो डेंजर आदमी निकला!"

सर आले. त्यांनी उभ्यानं पुरवणी वाचली, मग बसून पुन्हा वाचली. मला वाटलं ओरडतील. त्यांनी फोन उचलला आणि त्या दैनिकाला लावला. मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"मला दुरुस्ती द्यायची आहे... हो, माझ्याचबद्दल... नाही, नावात चूक नाही... मी चौकट कोरी सोडली नव्हती... अहो, चांगलं लिहिलंय म्हणूनच... नाही, विनय नाही हा..."

फोन ठेवून ते म्हणाले, "तो म्हणतो, कुणाची तक्रार आली तर दुरुस्ती देऊ. स्वतःच्या कौतुकाविरुद्ध तक्रार घ्यायची पद्धत नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. आणि तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला टोपी दिसली. आमचा अंक निघायला अजून दोन दिवस होते, तरी जनूभाऊ आले होते. सर उठले, मोरीत गेले, कडी लागली.

जनूभाऊंनी आज उभ्यानं काही पाहिलं नाही. खुर्ची ओढून बसले. हातात ती पुरवणी होती.

"माज्या नातवानं आनली. वाचून दाव मना."

मी माझंच लिहवलेलं मोठ्या झोकात वाचून दाखवलं. पोलिसांची गाडी, खिळे, मीठ. जनूभाऊ डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मिठाचा ढीग कोनचा?"

"असेल... तुमच्याच बाजूचा."

"मीच होतो तवा मिठावर. माजं नाव हाय का त्यात?"

"तुमचं? नाही."

"मंग यात बी न्हाय." त्यांनी पुरवणीची घडी घातली. "एकदाच आयलं होतं माजं नाव पेपरात. तुमच्याच. पयल्या पानावर, ह्या बाजूला, चौकटीत. मिठागराचा पंप चोरला म्हनून जनूला नेला."

"चोरला होता?" मी विचारलं, आणि विचारताक्षणी जीभ चावली.

"भाईंदरला सभा होती. आनीबानीतली. मोटा पुढारी आयला होता. बोलून झाला आनि इचारला, कोनाला काय इचारायचं हाय का? मी हात वर केला. बोललो, इलेक्शन कवा?"

"आणि?"

"आनि काय? दुसऱ्या दिशी नेला. पाऊस गेला, दुसरा पाऊस आयला, तवा सोडला. तवर हिकडं पेपरात पंप. माज्या बहिनीचं जमलं होतं, वसईकडं. त्यांच्याकडं पेपर गेला. छापलंय म्हंजी खरंच आसंल, बोलले. चोराच्या घरातली पोर नको. ती तशीच ऱ्हायली. अजून हाय घरात. दर सालाला मना धाडते, जा, बघून ये, आयलं का. मी पेपर नेतो, ती चष्मा लावते, रिकामी चौकट बघते आनि फडतालात अंथरते."

मोरीची कडी निघाली. सर दारात उभे होते. तोंडावर पाणी मारलं होतं, पण पुसलं नव्हतं.

"जनू," ते म्हणाले.

"बोल."

"कुणी धमकावलं नव्हतं मला." ते जनूभाऊंना सांगत होते की मला, कळेना. "लोकांना वाटतं, सेन्सॉर आला असेल, बंदूक दाखवली असेल. चौकीवरच्या साहेबानं बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली. म्हणाला, संपादक, तो मिठागराचा पंप गेलाय ना, त्यात जनूला घेतलाय, तेवढं घ्या. आणि मी घेतलं. सभेत पुढच्या रांगेत बसलो होतो मी. ह्याचा हात वर गेलेला माझ्या डोळ्यांनी पाहिला होता."

"मग निवडणुकीनंतर का नाही छापलं, सर?" हे मी विचारलं.

"त्या आठवड्यात इथल्या विजयसभेचा अध्यक्ष कोण होता, माहीत आहे? मी. हार घातले लोकांनी. मी ह्याच्या घरी गेलो, माफी मागितली. हा म्हणाला..."

"माफी नको, बोललो," जनूभाऊ म्हणाले. "जितं छापलास तितं छाप."

"तेवढ्या मापाची चौकट आखली. आत काय लिहायचं तेही ठरलेलं होतं. पण अंक सोडायच्या वेळी हात पुढे जाईना. म्हटलं, पुढच्या वर्षी. आणि लोक त्या कोऱ्या जागेचंच कौतुक करायला लागले रे."

जनूभाऊ उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "बहीन हातरुनात हाय आता. तुला टायम असंल तर ह्या सालाला बघ."

संध्याकाळी सर सत्काराला गेले. मला वाटलं होतं टाळतील. निघताना म्हणाले, "तू पुढे बस. मला कुणीतरी खरं माहीत असलेला माणूस समोर लागेल."

हॉल खच्चून भरला होता. म्हणजे, भरला होता. शाल, श्रीफळ, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं भाषण, ज्यात पोलिसांच्या एका गाडीच्या तीन झाल्या होत्या. ह्या बाबतीत मी एकटाच गुणी नाही, हे मला तेव्हा कळलं. मग सरांच्या हातात माईक आला. त्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले.

आणि अख्खा हॉल हसला.

मनापासून, प्रेमानं हसला. रबडी आठवून, उसळ आठवून. ती उसळवाली वहिनी दुसऱ्या रांगेत होती, तिनं तर शेजारणीला कोपर मारलं, "बघ हं आता!" सर थांबले. मग म्हणाले, "मी कोणतीही बातमी कोरी सोडली नाही. मी खोटी बातमी छापली." पुन्हा हशा. "तारोडीचे जनू, त्यांना मी चोर..." टाळ्या सुरू झाल्या. सेक्रेटरीनं हलकेच माईक आपल्याकडे घेतला. "मंडळी, हीच सरांची खासियत! स्वतःच्या मोठेपणातसुद्धा चूक काढणार!"

आयुष्यभर माणसानं जिऱ्यामोहरीएवढ्या चुकांच्या माफ्या मागाव्यात, आणि डोंगराएवढ्या चुकीची मागायला उभा राहिला की लोकांनी तिला मोहरीच समजावं. सर आपल्या रिकाम्या झालेल्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या रांगेत होतो. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, थांबा, ते खरं सांगतायत. माझा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. माईकशिवाय सिल्व्हर पार्कापासून स्टेशनापर्यंत जातो. त्या वेळी तो घशातून ओठांपर्यंतही आला नाही. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी बघतो तर माझेही हात वाजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे बसलो. कालचं कुणी काढलं नाही. सर सांगत गेले, मी टाइप करत गेलो. चौकट तीच, डाव्या हाताला, खालच्या बाजूला. मजकूर असा: आणीबाणीत याच जागी आम्ही तारोडीच्या जनू यांना पंपचोरीच्या संशयावरून अटक झाल्याची बातमी दिली. ती खोटी होती. त्यांनी भाईंदरच्या सभेत 'निवडणूक कधी?' असा प्रश्न विचारला, म्हणून त्यांना नेण्यात आलं. बातमी खोटी आहे हे छापताना संपादकाला माहीत होतं.

"बस," सर म्हणाले. "संपलं."

"एक ओळ कमी पडतेय, सर. खाली जागा राहते."

"राहू दे."

ते घरी गेले. अंक घेऊन छापखान्यात मीच जाणार होतो. स्क्रीनवर ती रिकामी ओळ माझ्याकडे बघत होती. कालच्या टाळ्या अजून तळहातांना चिकटलेल्या होत्या. मला त्या जनूभाऊंसाठी काहीतरी करायचं होतं हो, आणि मला येतं ते एकच. मी 'भाईंदरच्या सभेत' च्या आधी 'हजारोंच्या उपस्थितीत झालेल्या' असं घातलं, 'प्रश्न' च्या आधी 'निर्भीड'. ओळ भरली. चौकट कशी गच्च दिसायला लागली.

अंक निघाला. फोन आले ते विचारायला, की यंदा कोरी चौकट का नाही, एवढी सुंदर परंपरा का मोडलीत. आत काय छापलंय ते कुणी विचारलं नाही. फरसाणवाला शेठ मात्र अंक घेऊन आला, हळूहळू मराठी वाचत होता. मग त्यानं बोट चौकटीवरून उचललं, रुमालाला पुसलं, आणि गेला. जनूभाऊ आले, प्रत घेतली. सर त्या दिवशी मोरीत गेले नाहीत, टेबलाशीच बसून राहिले. जनूभाऊंनी दारात पान बघितलं नाही. घडी घातली, सदऱ्याच्या आत ठेवली आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एका वर्षात तिसऱ्यांदा. मला वाटलं, बहीण गेली.

"वाचली तिनं," ते म्हणाले आणि बसले. चहा विचारला, तर हो म्हणाले. "दोनदा वाचली. मंग बोलली, एक चूक हाय, जाऊन सांग."

सरांची पेन्सिल खिशातून बाहेर आली. "कुठली?"

"सबंला हजारो मानसं न्हवती."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी किबोर्डकडे पाहिलं.

"ती आयली होती त्या दिशी, बाजाराला. मागं हुबी होती. बोलली, पन्नास होती, फार तर. हजारात कोन कोनाला वलखतो? ती पन्नास सगली आपलीच होती. गावची, बाजारातली, मिठावरची. सगल्यांनी आयकला सवाल. दुसऱ्या दिशी मना नेला तवा त्या पन्नासातला एक बी हुबा न्हाय ऱ्हायला. ती बोलली, हजार लिवलं तर त्यांचं काय जातंय? पन्नासच लिवायला सांग."

सरांनी निळी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"घे," ते मला म्हणाले. "त्याच जागी. तेवढ्याच टायपात. सभेला पन्नास माणसं होती."

मी टाइप केलं. 'सुमारे' लिहिलं नाही.

सरांनी स्क्रीनवर वाकून वाचलं. शब्द नीट होता. तरी ते वाकलेलेच राहिले. मग जनूभाऊंकडे न बघता त्यांनी विचारलं, "ह्या पन्नासात मला धरलंय का तिनं?"

"पयलाच धरलाय," जनूभाऊ म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.